व्हिसाची लॉटरी आणि लॉटरीचे एजंट

‘व्हिसा म्हणजे लॉटरी’ असं मानणारा एक पंथच आपल्याकडे तयार झाला आहे. परदेशी शिक्षणाचे कन्सल्टंट हे म्हणतात, मित्रांचे व्हॉट्सॲप ग्रुप म्हणतात, आणि अर्ज नाकारला गेला की घरातले काकाही म्हणतात: ऑफिसरचा मूड नव्हता, पुन्हा टाक, दुसरा ऑफिसर लागेल. हे मत अगदीच निराधार नाही, म्हणून आधी त्याची बाजू.

अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 214(बी) म्हणतं की विद्यार्थी व्हिसा मागणारा कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं. तसं नाही हे अर्जदाराने ऑफिसरला पटवायचं. त्यासाठी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर मिळतात दोन-चार मिनिटं. नकार आला तर हातात कलमाचा आकडा असलेलं छापील पत्र. अपील नाही. 2023-24 च्या अमेरिकी आर्थिक वर्षात जगभरातले शंभरातले साधारण 41 विद्यार्थी-अर्ज असे नाकारले गेले. एवढ्यांनी एकदम चूक केली असेल, हे मलाही पटत नाही.

पण म्हणून तेच उत्तर पाठ करून पुन्हा त्याच खिडकीवर जायचं? मुलं फाइल छातीशी धरून उभी असतात आणि ऑफिसर ती उघडतही नाही, कारण तो डीएस-160 फॉर्म आणि तोंडी उत्तरं यांवर ठरवत असतो. हेच विद्यापीठ का, पैसा कुणाचा, पुढे काय, एवढंच त्याला हवं असतं. त्यातलं एकही उत्तर बदललेलं नसताना निकाल बदलेल, अशी आशा धरायची आणि त्यासाठी पुन्हा 185 डॉलर भरायचे! काही जणांच्या पत्रावर तर 221(जी) असतं. कागदोपत्री तोही नकारच, पण फाइल बंद झालेली नसते. एखादा कागद किंवा तपासणी बाकी असते. तो आकडा न वाचता नव्या स्लॉटसाठी धावणाऱ्याचं दुःख ऑफिसरच्या मूडवर ढकलता येत नाही.

कॅनडाच्या बाबतीत तर लॉटरीचा सिद्धांत आणखी लंगडा पडतो. तिथलं पत्र बहुतेकदा नियम 216 कडे बोट दाखवतं: मुदत संपल्यावर तुम्ही देश सोडाल याची खात्री पटली नाही. ‘हे सगळ्यांनाच लिहितात,’ असं एजंट म्हणतो, आणि ते खरंही आहे. मात्र त्या साच्यामागे ऑफिसरने लिहिलेली टिपणं असतात. पूर्वी ती पाच डॉलर भरून, कॅनडातल्या कुणाच्या तरी मार्फत मागवावी लागत. जुलै 2025 पासून स्टडी परमिटसह काही प्रकारच्या अर्जांत ती नकारासोबतच येऊ लागली. त्यांत काय असतं? मेकॅनिकलचा इंजिनिअर, हाताशी नोकरी, आणि आता हा डिप्लोमा कशाला? खात्यात एकदम आलेली मोठी रक्कम कुठली? या प्रश्नांना उत्तर असेल तर पुढच्या अर्जात ते द्यावं. नसेल तर बहुधा कोर्सची निवडच चुकली आहे, आणि हे ऑफिसरच्या आधी आपल्याला कळायला हवं होतं.

एजंटांचं उत्तर मात्र ठरलेलं: फाइल जाड करा, फंड दाखवा. मग सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, चार दिवसांसाठी खात्यात फिरवलेले हातउसने पैसे. शेतकरी बाप बिचारा सातबारा काढून देतो. सातबाऱ्यावर जमीन दिसते, फीचे पैसे दिसत नाहीत. ते दिसतात कारखान्याने खात्यात जमा केलेल्या ऊसबिलांत आणि आडत्याच्या पट्ट्यांत, पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ते कागद कुणी मागतच नाही. एजंट तरी का मागेल? त्याचं कमिशन कॉलेजकडून येतं, प्रवेश झाल्यावर. पुन्हा अर्ज टाकण्याचा खर्च तुमचा.

कुणी म्हणेल, धोरणानेच दार अरुंद केलं असेल तर कागद नीट करून काय होणार? आक्षेप रास्त आहे. जानेवारी 2024 मध्ये कॅनडाने परमिटांवर मर्यादा घातली आणि आदल्या वर्षापेक्षा 35 टक्के कपात जाहीर केली. मर्यादेपुढे एकट्या अर्जदाराचं काही चालत नाही. तरीही ऑफिसरला कारण द्यावंच लागतं, आणि ते तर्काला धरून आहे का हे तिथलं फेडरल कोर्ट तपासतं. पूर्वी परदेशप्रवास केलेला नाही, एवढ्यावरून अर्जदाराविरुद्ध निष्कर्ष काढता येत नाही, असं या कोर्टाने वेगवेगळ्या निकालांत म्हटलं आहे. कोर्टाचं दार ठोठावायला 60 दिवस असतात. कोर्ट व्हिसा देत नाही. अर्ज दुसऱ्या ऑफिसरकडे फेरविचाराला पाठवतं. म्हणजे ‘दुसरा ऑफिसर’ मिळतो, पण आधीच्याच्या कारणातली खोट दाखवल्यावर. हा मार्ग खर्चिक आहे, प्रत्येकाने धरावा असा नाही. तो आहे हे आपल्या कन्सल्टंटकडून कधी ऐकलंय का?

‘परत येणारच’ अशी शपथ घ्यायला मुलांना शिकवतात, तेही कॅनडापुरतं अनाठायी आहे. तिथल्या कायद्याचं कलम 22(2) सांगतं की पुढे स्थायिक व्हायची इच्छा असणं हा विद्यार्थी म्हणून येण्यातला अडथळा नाही. परवानगी संपली तर निघाल, एवढी खात्री पटायला हवी. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला ही सवलत नाही. दोन देशांसाठी एकच पोपटपंची करून घेणाऱ्याने दोहोंपैकी एकही कायदा वाचलेला नसतो.

सगळ्यांत घातक सल्ला यानंतर येतो. ‘पूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला होता का?’ या रकान्यात ‘नाही’ लिही, त्यांना कुठे कळतंय! कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसात ही माहिती तपासतात, त्यामुळे कळतं. साधा नकार पुढच्या अर्जाची वाट बंद करत नाही. उद्या पुन्हा अर्ज करता येतो. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर मात्र कॅनडा पाच वर्षं दार बंद ठेवतो, आणि अमेरिकेत ती बंदी कायमची असू शकते. त्या फॉर्मवर सही मुलाची असते, एजंटची नव्हे.