ओव्हन पुसणाऱ्याला कोणी काही सांगतं का?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण हात धजत नव्हता. घरच्यांना सगळं ठाऊक आहे, आणि ब्लॉगवाल्या मंडळींना एका म्हातारीच्या स्वयंपाकघरातल्या उपद्व्यापात काय गोडी, असंही वाटायचं. पण मागच्या आठवड्यात पुण्याला भाचीकडे गेले होते. तिथे जे पाहिलं त्यानंतर गप्प बसवेना.

भाचीचा नवा फ्लॅट आहे. मॉड्युलर किचन, आणि ओट्याखालच्या कपाटातच बसवून घेतलेला ओव्हन. दुपारी पाणी प्यायला आत गेले तर कामाच्या ताई त्या ओव्हनपुढे उकिडव्या बसून, अर्धं डोकं आत घालून, उघड्या हातांनी पांढरा फेस चोळत होत्या. खिडकी बंद, धूळ येते म्हणून. बोटांची टोकं पांढरी पडून सालं सुटलेली. मी विचारलं, "काय लावताय हे?" तर म्हणाल्या, "वहिनींनी दिलंय बघा. डाग जात्यात, पण हाताची आग लई होती."

डबा हातात घेतला, चष्मा लावला. सोडियम हायड्रॉक्साइड. म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी मोकळी करायला ओततात तो. डब्यावर हातमोज्यांचं चित्र होतं, खिडक्या उघडा असं होतं, डोळ्यांना जपा असं होतं. सगळं इंग्रजीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. ताईंचे हात आधी नळाखाली धरायला लावले, भरपूर पाणी सोडलं आणि भाचीला हाक मारली. ती म्हणाली, "अगं मावशी, डब्यावर लिहिलंय की सगळं!"

लिहिलंय हो. पण ते वाचतं कोण, आणि ओव्हनमध्ये हात घालतं कोण?

भाचीवर मी रागावले नाही. रागावायचा मला अधिकारच नाही. का, ते आता सांगते.

२०२३ सालची गोष्ट. मी न्यू जर्सीला मुलाकडे गेले होते, सहा महिन्यांसाठी, आपल्याकडच्या आया जातात तशी. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली. मुलाच्या घरी ओव्हन भिंतीत बसवलेला, छातीच्या उंचीवर. आणि आपल्या लोकांच्या घरी त्याचा मुख्य उपयोग काय, तर कपाट! कढया, पराती, कुकरची जास्तीची भांडी, ट्रे, सगळं आत. काही भाजायचं म्हटलं की आधी हा संसार बाहेर काढायचा. (ओळखीच्या एका घरी काढायचा राहिला आणि प्लास्टिकच्या चाळणीचं जाळीवर लोणी झालं.. असो.)

सूनबाई चीज घालून काहीबाही भाजायची, ते उतू जाऊन तळाला काळी खरपुडी धरली होती. मला ती बघवेना. फराळातले शंकरपाळे ती भाजून करणार होती. मनात म्हटलं, आज ही ऑफिसला गेलीय, नात शाळेत आहे, आपण साफ करून ठेवू. आणि त्याला तर बटणच होतं, सेल्फ क्लीन. आपोआप साफ! आल्या दिवसापासून माझा त्या बटणावर डोळा होता म्हणा ना.

भांडी बाहेर काढली. एक काळा नॉनस्टिक ट्रे मात्र मुद्दाम आत ठेवला, की तोही निघेल चकचकीत. बटण दाबलं. दाराला आतून कडी लागल्याचा खट् आवाज आला. मला मोठी कर्तबगारी केल्यासारखं वाटलं.

तासाभरात वास सुटला. जळका, आणि त्यात काहीतरी घशाला झोंबणारं. बाहेर थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या. मग घर धुरकट दिसायला लागलं आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मी घाईघाईने बंद केलं, पण दार उघडेना. (ते उघडत नाहीच. आतली धग उतरल्याशिवाय कडी सुटत नाही, आणि तेच बरं आहे.) खिडक्या उघडल्या, टॉवेलने वारा घातला. या गडबडीत पिंजऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

नातीचे दोन छोटे पोपट होते, आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणतात ना, तसले. पिवळा तो लाडू आणि हिरवा तो पिस्ता. पिंजरा जेवणाच्या टेबलाशेजारीच. अलार्म थांबल्यावर घर फारच शांत वाटलं, म्हणून वळून पाहिलं. लाडू पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. पिस्ता चोच उघडी टाकून धापा टाकत होता.

लाडू गेला. पिस्त्याला मुलाने धावत येऊन डॉक्टरकडे नेलं. दोन दिवस प्राणवायूवर होता, वाचला. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात नॉनस्टिक भांडं फार तापलं होतं का, की ओव्हनचं सेल्फ क्लीन लावलं होतं? मी दोन्ही केलं होतं.

नात तेव्हा आठ वर्षांची. रडून झाल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजी, तुला माहीत नव्हतं ना?"

नव्हतं. पण तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं मी, आणि "बाई, माहीत नव्हतं" हे कारण एकाही मुलाकडून ऐकून घेतलं नाही.

त्या रात्री मुलाला विचारलं, या यंत्राचं पुस्तक कुठाय? एका खणात सापडलं, हॉटेलांच्या मेनूकार्डांखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेलं. माझं बी.ए. मराठी माध्यमातून, इंग्रजी वाचते, पण बोट ठेवून. शब्दकोश घेऊन बसले, दोन रात्री लागल्या. सगळं होतं त्यात. जाळ्या आणि ट्रे बाहेर काढा, तळाचं सांडलेलं आधी पुसून घ्या, खिडक्या उघडा, पंखा लावा. आणि चौकटीत, ठळक: पक्षी दुसऱ्या, हवेशीर खोलीत हलवा.

कारण काय, ते नंतर मुलाने समजावून सांगितलं. आपण केक भाजतो १८० अंश सेल्सियसला. सेल्फ क्लीनमध्ये ओव्हन ४८० अंशांच्या आसपास जातो, दोन-चार तास तसाच राहतो आणि आतल्या चिकट्याची राख करतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६३ साली असा ओव्हन बाजारात आणला, तेव्हापासून युक्ती तीच. म्हणजे 'आपोआप साफ' वगैरे काही नाही, आपण घरात एक छोटी भट्टी पेटवतो! नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो आणि आणखी तापला की त्यातून विषारी वायू सुटतो. माणसाला त्याने खोकला, ताप, कणकण येते. पक्ष्यांची श्वसनाची रचना अशी असते की हवेतलं सगळं चटकन त्यांच्या रक्तात जातं. म्हणून तर इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत असत, थेट १९८६ पर्यंत. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. वाचलेलं असून उपयोग झाला नाही.

आता माझं म्हणणं काय आहे ते ऐका. माझी आई रोज सकाळी चुलीला पोतेरं फिरवायची आणि फिरवता फिरवता मला शिकवायची. लग्न होऊन आले तेव्हा घरात पिनेचा स्टोव्ह. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी समोर बसवून दाखवलं, पिन कशी मारायची, चावी सैल करून हवा कशी सोडायची. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही, नायलॉनचं पातळ नेसून जवळ जायचं नाही. सासूबाई तशा कडक होत्या, पण हे सांगायला कधी विसरल्या नाहीत. स्टोव्हच्या भडक्याने बायका भाजलेल्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या, म्हणून वस्तू हातात देताना तिचा धोकाही देत.

ओव्हनचं तसं झालेलं नाही. तो विकत घेतो एक, बसवून देतो दुसरा, त्याचं पुस्तक जातं खणात, आणि साफ करते तिसरीच बाई. अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आलेली आजी, पुण्यात कामाच्या ताई. तिला भाषा येत नाही, आणि ती विचारत नाही, कारण विचारलं तर अडाणी ठरू ही भीती. (मीही त्याच भीतीने विचारलं नव्हतं. फोन एका बटणावर होता.)

लाडू गेल्यावर मुलाने आणि सूनबाईंनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तुम्ही आता ओव्हनला हात नका लावू, मी बघेन." प्रेमानेच म्हणाली. पण मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. हात लावू नका हा काही उपाय नव्हे. घरात राहणारं, राबणारं माणूस आज ना उद्या हात लावणारच. त्याला नीट सांगा. आणि त्याच्या भाषेत सांगा.

म्हणून मग मीच बसून एक कागद लिहिला, मराठीत, मोठ्या अक्षरांत. पहिलंच वाक्य, ओव्हन हे कपाट नाही. मग सेल्फ क्लीनचं बटण सरळ विसरून जा, असं लिहिलं. मुलगा म्हणाला, "आई, पैसे मोजलेत त्या सोयीचे." मोजले असतील. पण दुरुस्तीला येणाऱ्या माणसाने त्यालाच सांगितलं की त्या धगीने आतला थर्मल फ्यूज उडाला आहे, आणि अशी कामं त्याच्याकडे दिवाळी-ख्रिसमसच्या आधी हटकून येतात. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच सफाई सुचते ना! मी तर म्हणते, भाजून झाल्यावर ओव्हन कोमट असतानाच ओल्या फडक्याने एक हात फिरवला तर भट्टी पेटवायची वेळच येत नाही. पोतेरंच की ते.

डाग जुना असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून लेप लावायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी पुसायचा. तापणाऱ्या सळ्यांना तो लावायचा नाही. त्यावर व्हिनेगर शिंपडून फसफस करतात ती निव्वळ गंमत; आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. काम केलेलं असतं रात्रभराच्या भिजण्याने. कॉस्टिकचा फवारा शक्यतो नकोच, आणि जाळून साफ होणाऱ्या ओव्हनच्या आतल्या मुलाम्याला तर मुळीच नको. लागलाच तर कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि खिडक्या सताड उघड्या.

आत हात घालून घासायचं, दिवा बदलायचा, तर ओव्हन पूर्ण गार हवा आणि वीज बंद हवी. भिंतीतल्या ओव्हनची गोम ही की प्लग दिसतच नाही. मुलाकडे पॅनेलवरचा ब्रेकर पाडावा लागतो, भाचीकडे बाजूच्या कपाटात १६ अँपिअरचं बटण आहे. पण भाजणं संपल्या संपल्या ते बटण बंद करायचं नाही. आतला पंखा नंतरही फिरत राहतो, तो ओव्हनला आणि भोवतीच्या लाकडाला निववत असतो, त्याला थांबू द्यावं. हवेच्या फटी फडकी-बिडकी वाळत घालून झाकू नयेत. दाराच्या कडेला जी विणल्यासारखी पट्टी असते ती घासायची नाही, भिजवायची नाही. ती फाटली की धग कपाटात जाते. काचेवर तारेची घासणी नको, चरे पडलेली काच पुढे कधीतरी तापताना फुटू शकते. तळाला फॉइल अंथरू नये, मुलामा खराब होतो. आणि आत काही पेटलंच, तर ओव्हन बंद करून दार घट्ट मिटलेलंच ठेवायचं. उघडलं की हवा मिळते आणि भडका होतो.

कागद ओव्हनशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नातीने तो वाचला, अडखळत, आणि विचारलं की पक्ष्यांचं सगळ्यात वर का नाही. मग तिनेच वर लिहिलं, "आधी पक्शी वरच्या खोलीत." लाल पेन माझ्या हातातच होतं, पण ते तसंच राहू दिलं.

भाचीकडून आल्यावर तोच मजकूर जरा बदलून, पुन्हा सुवाच्य लिहून तिला पाठवला. ती म्हणाली, "मावशी, ताई कुठल्या वाचतायत!" काल तिचा फोन आला. ताई सातवी शिकलेल्या निघाल्या. उभ्याउभ्याच सगळा कागद वाचला म्हणे, आणि हातमोज्यांचे दोन जोड मागितले. एक ओव्हनसाठी, एक संडास-मोरीसाठी, कारण तिथलं औषध याहूनही जास्त आग करतं.