विश्लेषण : जनरेटरला ‘औषधा’ची बाटली हवी की ताजे पेट्रोल?

लालबाग-परळच्या मंडळांपासून गिरगावच्या दुकानांपर्यंत अनेक ठिकाणी एखादे छोटे पेट्रोल इंजिन असते. कुठे जनरेटर, कुठे पाणी उपसण्याचा पंप. एरवी ते कोपऱ्यात पडून राहते. हिंदमाताला पाणी तुंबले किंवा ऐन उत्सवात वीज गेली, की त्याची आठवण होते. दोरी ओढून हात दुखतात, इंजिन ढिम्म. मग पेट्रोलमध्ये घालायच्या ‘औषधा’ची शोधाशोध सुरू होते. दुखणे मात्र टाकीतल्या शिळ्या पेट्रोलचे असते.

पेट्रोल बिघडते कसे?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले आणि ते गाठलेही गेले. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हे पाणी साठत जाते. ते मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि नेमका तोच थर इंजिनात जातो. जुन्या पेट्रोलचा चिकट साका कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. रोज धावणाऱ्या दुचाकीची टाकी लवकर रिकामी होते, म्हणून तिला हा त्रास कमी.

बाटलीचा उपयोग किती?

स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये घातला तर ते शिळे होण्याचा वेग मंदावतो. शिळे पेट्रोल मात्र त्याने ताजे होत नाही. जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोलही साध्या जनरेटरला वेगळी ताकद देत नाही. फांद्या छाटण्याच्या टू-स्ट्रोक करवतीला ऑइल लागतेच. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर.

मग करायचे काय?

काम संपले, की इंजिन थंड होऊ द्यावे आणि उघड्यावर टाकी रिकामी करावी. कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल इंजिन चालवून संपवावे. पुढच्या वेळी गरजेपुरतेच ताजे पेट्रोल आणावे. चाळीच्या पोटमाळ्यावर कॅन साठवणे म्हणजे आगीला निमंत्रण.

जबाबदारी फक्त ग्राहकाची?

नाही. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ऊस उत्पादकांचा फायदा आणि तेल आयातीतील बचत ही धोरणाची बाजू रास्तच आहे. पण चर्चा झाली ती मोटारी आणि दुचाकींची. जनरेटर, पंप, करवती कुणाच्या खिजगणतीतही नव्हत्या. निदान पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक अक्षरांत आणि यंत्राच्या टाकीवर त्याची मर्यादा मराठीत लिहायला कुणाची हरकत असू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.