ज्ञानगंगा घरोघरी

राजापूरची गंगा कधी येईल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण कधी आधीच येते, कधी मुक्काम लांबवते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं (स्थापना १९८९) ब्रीदवाक्य आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. त्यातली गंमत राजापूरकराला लगेच कळेल :-) ही गंगासुद्धा मनात आलं तेव्हाच येणार असेल, तर पास होण्याची आशा नकोच.

विषय निघाला तो इंटरव्ह्यूवरून. रेझ्युमे चाळताना पॅनेलवरचं कोणीतरी हमखास म्हणतं, "अच्छा, मुक्तचा आहे का..." आणि पान उलटतं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. कागदावर वाद मिटला, डोक्यातला चालूच आहे. मला तो चीड आणतो.

जरा विचार करा. राजापुरात दिवसभर दुकानात उभं राहणारा एखादा मुलगा. जुलैत अर्जुना आणि कोदवली फुगल्या की जवाहर चौकात पाणी, मग आधी माल वरच्या मजल्यावर. त्यानंतर रात्री पुस्तक. शिकवायला कोणी नाही, हजेरी नाही, शेजारच्या बाकावर वही दाखवणारा मित्रही नाही.

दूरशिक्षणाची पुस्तकं मुळात अशा एकट्या वाचकासाठीच लिहिलेली असतात. घटकाच्या मध्येच छोटे प्रश्न, उत्तरं शेवटी. आता बहुतेक जण काय करतात? प्रश्न वाचला, पान उलटलं, उत्तर पाहिलं, "हो, हेच म्हणणार होतो." संपला अभ्यास! जो उत्तर झाकून वहीत लिहितो, त्यालाच कळतं की आपल्याला काय कळलेलं नाही. आपल्या धंद्यातही तेच. दुसऱ्याचा कोड वाचताना सगळं सोपं वाटतं, कोरी फाईल उघडली की घाम फुटतो.

गृहपाठाचंही तसंच. तयार उत्तरं उतरवून काढली की मार्क मिळत असतील, पण वर्षभरात चूक दाखवणारी तेवढी एकच जागा असते, ती गेली. रविवारच्या संपर्कसत्राला रिकाम्या हाताने जाणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटणारच. अडलेले चार प्रश्न लिहून नेले तर तेच दोन तास पुरत नाहीत. बाकी वेळापत्रक वगैरे जमेल तसं करा. रोज अर्धा तास, पण ठरलेला, एवढं पुरे.

असो. मी हल्ली असा रेझ्युमे आला की एकच विचारतो: अडलात तेव्हा काय केलंत? एक जण म्हणाला, "एका गणिताचं उत्तर जुळेना. चौथ्या पायरीत वजाबाकीचं चिन्ह राहिलं होतं. सापडायला दोन रविवार गेले, सर."

पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.