बार्शी लाईटची इंजिने : ‘खेळण्यातली गाडी’ म्हणण्यापूर्वी

१/ बार्शी लाईट रेल्वेचा विषय निघाला की अनेकांच्या तोंडी सहज ‘खेळण्यातली गाडी’ हे शब्द येतात. अडीच फुटी मार्ग, ठेंगणे डबे आणि संथ चाल पाहता ते सुचणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे एका गंभीर अभियांत्रिकी विचारावर अन्याय होतो.

२/ बार्शी ही मोठी बाजारपेठ. मात्र जीआयपीचा मुख्य मार्ग तिला बाजूला ठेवून गेला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या पुढाकाराने १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली.

३/ कॅल्थ्रॉप यांच्यापुढील खरा प्रश्न वजनाचा होता. हलका रूळ स्वस्त पडतो. पण त्यावरून जड माल न्यायचा कसा? त्यांचे उत्तर असे : कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार नको. इंजिन, डबा, वाघीण, सर्वांना एकच मर्यादा.

४/ म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याने घडवलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके आणि त्यांच्या मागे चार भारवाहक चाके होती. पालखीचा भार अनेक खांद्यांवर वाटावा तसा हा हिशेब. चालक चाकांवरील भारामुळे रुळावरची पकड टिकते, आणि रुळाला इजाही होत नाही.

५/ यातील मर्म पाहा. इंजिन वाघिणींहून फार जड असेल, तर रूळ त्याच्यासाठी भक्कम टाकावा लागतो आणि उरलेल्या गाडीसाठी ती ताकद वाया जाते. बार्शीत रुळाच्या प्रत्येक पौंडाचे मोल वसूल होत असे.

६/ हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज येथे पोहोचला. शेतमालाबरोबर वारकऱ्यांचीही त्याने सोय केली.

७/ १९०४ मध्ये इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड मार्ग कॅल्थ्रॉप यांनी याच अनुभवावर उभारला. तेथील किट्सन इंजिनांवर भारतीय थाटाचे मोठे दिवे होते. ज्ञान नेहमी लंडनहूनच इकडे येत असे, या समजाला हा चोख अपवाद आहे.

८/ रुंदीकरण चुकीचे होते, असे मी म्हणत नाही. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका गाडीतून दुसरीत चढवणे हा या मार्गाचा अंगभूत दोष होता. मोठ्या रुळाने तो संपवला.

९/ परंतु चबुतऱ्यावर रंगवून ठेवलेले इंजिन केवळ छायाचित्राचे निमित्त ठरू नये. शेजारच्या फलकावर निर्मितीच्या सालाबरोबर त्याचा आसभारही लिहावा. मर्यादित पैशांत ग्रामीण भागाला पुरी पडेल अशी रेल्वे कशी घडवावी, याचा धडा त्या एका आकड्यात आहे. तो विसरलो, तर आपल्या हाती उरेल ते खरोखरच खेळणे.