रक्तातला आकडा आणि हाताची बोटे

मागच्या हिवाळ्यात एका मित्राचा रात्री अकराला फोन आला. भारतातून राहायला आलेल्या त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली आणि उजवा हात लुळा पडला. मित्र माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. त्याने विचारले, "न्यूरोफिलामेंट नावाची ब्लड टेस्ट आहे म्हणे. ती करून घेऊ का? आई कितपत सुधारेल ते कळलं, की पैशाचं ठरवता येईल."

आकडा हाती आला की आम्हा लोकांना हायसे वाटते! पण या आकड्यावर एवढा मोठा निर्णय सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूतले तंतू मेले की त्यांचे प्रथिन रक्तात झिरपते. ते जितके जास्त, तितकी तीन महिन्यांनंतरची स्थिती सरासरीने वाईट, हे खरेच. परंतु ते वयानुसारही वाढते, मूत्रपिंड बिघडले तरी वाढते आणि झटक्यानंतर कित्येक दिवस चढत राहते. घरच्यांना तर निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यायचा असतो! हार्ट अटॅकमध्ये ट्रोपोनिनने जो मान मिळवला, तो मेंदूच्या झटक्यात अजून कुठल्याच ब्लड टेस्टला मिळालेला नाही. १९९६ पासून इथे वापरात असलेले गाठ विरघळवणारे टीपीए इंजेक्शन देण्याआधी प्रत्येक रुग्णाची आवर्जून पाहावी लागते ती फक्त रक्तातली साखर.

याउलट नेदरलँड्समधला २०१० साली छापून आलेला अभ्यास पाहा. दुसऱ्या दिवशी ज्यांना खांदा थोडा बाजूला उचलता आला आणि बोटे थोडी उघडता आली, त्यांच्या हातात सहा महिन्यांत काहीतरी कसब परतण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. तपासायला खर्च शून्य. ज्यांना दोन्ही जमले नाही, त्यांची शक्यता २५ टक्के. म्हणजे चारांत एक! त्या चारांतली आपली आई कोणती, हे कुठलाच आकडा सांगत नाही. "आता उपयोग नाही" म्हणून व्यायाम थांबवला, तर मात्र भाकीत नक्की खरे ठरते.

पैसा महत्त्वाचा आहे, नाही कोण म्हणतो? रिहॅब हॉस्पिटलमध्ये साधारणतः दिवसाला तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी असते आणि तिचे बिल छाती दडपवणारे असते. ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडिलांनाही पासष्टी उलटलेली असली तरी इथे सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकत घेता येत नाही. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुने ब्लडप्रेशर, जुना मधुमेह बहुधा वगळलेला असतो आणि झटका येतो तो बऱ्याचदा त्यांच्यामुळेच.

मित्राने टेस्ट केली नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवरच त्याची पॉलिसी पहिल्यांदा पूर्ण वाचली. येत्या उन्हाळ्यात ज्यांचे आईवडील यायचे आहेत, त्यांनी तिकिटाआधी पॉलिसीत 'रिहॅब' हा शब्द शोधावा. आमच्या मित्राच्या पॉलिसीत तो एकोणिसाव्या पानावर, 'काय मिळणार नाही' या यादीत होता.