थकवा म्हणजे कामचुकारपणा नव्हे

भिलाईजवळच्या जामुलमध्ये सिमेंटचा कारखाना गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून उभा आहे. तेथे 50 किलोची पोती हलवणाऱ्या कंत्राटी कामगाराला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी "रोज व्यायाम करा" असे सांगितले, तर त्याने काय समजायचे? रुळावर घण मारणारा ट्रॅकमन आणि उन्हातान्हात टपालाची पिशवी वाहणारा पोस्टमन यांनाही हाच प्रश्न पडतो. दिवसभर अंग मोडेस्तोवर राबतो, तरी साखर वाढते आणि हातपाय गळून जातात. वरून साहेब म्हणतात, माणूस कामचुकार झाला.

या थकव्याला शरीरात कारण असते. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. टाइप 2 मधुमेहात स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. साखर रक्तात फिरत राहते आणि स्नायू उपाशी राहतात. अमेरिकेत डेन्व्हर येथील ज्यूडिथ रेगेनस्टाइनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिले की, इतर गुंतागुंत नसलेल्या मधुमेहींचे शरीरही श्रमाच्या वेळी निरोगी माणसापेक्षा कमी प्राणवायू वापरू शकते. म्हणूनच तोच जिना त्यांना अधिक उंच वाटतो.

"मी तर सडपातळ आहे, मला कसला मधुमेह?" हा भ्रमही सोडला पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत.

यावर व्यायाम हेच औषध आहे, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो आणि हा परिणाम पुढे दिवसभर टिकतो. पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात गती आपली असते, दम लागला की थांबता येते आणि नंतर विश्रांती मिळते. पोत्यांच्या कामात गती कंत्राटदाराची असते. ठरावीक स्नायूच झिजतात, जेवण उशिरा होते आणि झोप अपुरी पडते. दुसरीकडे सॉर्टिंग, आरक्षण खिडकी आणि कंट्रोल ऑफिसातील आमचे सहकारी तासन्‌तास बसून असतात. लंडनच्या बसगाड्यांत बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, आणि टपाल कारकुनांपेक्षा चालणाऱ्या पोस्टमनना हृदयविकार कमी होतो, असे जेरी मॉरिस यांनी 1953 सालीच मांडले होते.

प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटे चालल्याने दिवसभराची साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, असे 2013 च्या एका प्रयोगात ज्येष्ठ नागरिकांमध्ये दिसून आले. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ हा कामगारांच्या हक्काचा प्रश्न आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चाळिशीपुढील प्रत्येकाची साखर, डोळे व पाय यांची दरवर्षी तपासणी व्हावी आणि त्यात कंत्राटी कामगार व ग्रामीण डाकसेवक यांचाही समावेश असावा. जेवणाची सुटी ठरल्या वेळी मिळावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना लागोपाठ रात्रपाळ्या देऊ नयेत. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 प्रत्येक शाखेने फलकावर लावावे. नोकरी जाण्याच्या भीतीने आजार लपवला जातो आणि मग पाय गमावण्याची पाळी येते.

आपलीही जबाबदारी आहे. थकवा आला की सगळा दोष साखरेला देऊ नये. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो, आणि मेटफॉर्मिन बराच काळ घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व कमी पडू शकते. हे तपासून घ्यावे. चालताना छातीत दुखले, घाम फुटला, हात कापू लागले तर तत्काळ थांबावे. खिशात साखर वा गूळ ठेवावा. पायाला जखम असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावी.

आरोग्य हा युनियनचा विषय आहे का, असे कोणी विचारील. दल्ली राजहऱ्याच्या खाण कामगारांनी 1983 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या बळावर शहीद हॉस्पिटल उभे केले. त्याच चळवळीने पुढे 1990 च्या सुमारास जामुल-भिलाईच्या कंत्राटी कामगारांना संघटित केले. पगार आणि औषध या दोन वेगळ्या लढाया त्यांनी मानल्या नाहीत. आपल्या शाखांनीही हा विषय येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि वरील मागण्यांचे निवेदन प्रशासनाला द्यावे, असे आमचे आवाहन आहे.