घोड्याचे रक्त घोड्याच्या कामी

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की नवी मुंबईत घरोघरी प्लेटलेटचा आकडा विचारला जातो. वाशी-नेरुळच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर केसगळतीसाठी ‘पीआरपी’ तर बारा महिने असते. प्लेटलेटचे प्रमाण मुद्दाम वाढवलेला हा रक्तद्रव परदेशांत गेली वीसेक वर्षे घोड्यांच्या जखमांवरही वापरला जात आहे. पनवेलच्या पूर्वेला दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर साडेचारशेहून अधिक परवानाधारक घोडे राबतात. आपल्या केसांसाठी जे तंत्र आपण सहज घेतो, ते या घोड्यांच्या पायांसाठीही मिळाले पाहिजे. मात्र त्याआधी जे मिळायला हवे, त्याचीही मागणी तितक्याच जोराने केली पाहिजे.

घोड्याच्या पायाची जखम ही चिवट गोष्ट असते. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. कातडी, कंडरा आणि लगेच हाड. रक्तपुरवठा बेताचा, कातडी ताणलेली, हालचाल सततची आणि माती-लिदीचा संसर्ग हाताशी. अशा जखमेत पुष्कळदा मांस वाढत जाते, कडांच्या वर फुगून येते आणि नवी कातडी त्यावर चढूच शकत नाही. अंगावरची जखम भरून येते तेव्हा पायाची उघडीच असते.

पीआरपीची कृती अवघड नाही. घोड्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात आणि यंत्रात फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करतात. वर राहिलेल्या पिवळसर द्रवात प्लेटलेट दाटतात. त्यात कॅल्शियमचे क्षार मिसळले की त्याचा लिबलिबीत थर तयार होतो आणि तो जखमेवर बसवतात. प्लेटलेटच्या पोटातली वाढीची द्रव्ये तिथे सुटतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि पेशी जमायला त्यांची मदत होते. घोड्याच्या रक्ताची एक सोयही आहे. नळीत उभे ठेवले तर त्यातल्या तांबड्या पेशी माणसाच्या रक्तापेक्षा कितीतरी झपाट्याने तळाशी बसतात. औषध ज्याचे त्याच्याच अंगातले, त्यामुळे परक्या रक्ताची बाधा होण्याची भीती नाही.

पण ही जादू नव्हे. 2009 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संशोधनाच्या एका नियतकालिकात सहा घोड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढच्या पायांवर केलेल्या ताज्या, स्वच्छ जखमांवर पीआरपी लावली, तेव्हा मांस अधिकच वाढले आणि पहिले तीन आठवडे जखमा उलट सावकाश भरल्या. जिथे पुष्कळ मांस गेले आहे किंवा जी जखम जुनी होऊन अडून बसली आहे, तिथे हा उपाय जास्त उपयोगी पडेल, असे संशोधकांनीच सुचवले. म्हणजे कोणत्या जखमेवर लावायची आणि कोणत्या नाही, हे जखम पाहून पशुवैद्यानेच ठरवायचे. विकणाऱ्याच्या शब्दावर घोडेवाल्याने पैसे घालवू नयेत.

माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही. पर्यटक, त्यांचे सामान, वाण्याचा किराणा, गॅसचे सिलिंडर, घर बांधायची वाळू, बरेच काही घोड्यांच्या पाठीवरून वर जाते. चढउताराच्या वाटेवर टाप घसरून गुडघे फुटतात, तंग आणि खोगीर घासून कातडी सोलवटते. त्यातही दुखावलेल्या घोड्याला खाली गाडीपर्यंत जायचे तर त्याच दुखऱ्या पायावर चालत जावे लागते. अशा वेळी पहिली गरज असते ती स्वच्छ पाण्याने जखम धुण्याची, नीट बांधलेल्या पट्टीची, धनुर्वाताच्या इंजेक्शनची आणि पुरेशा विश्रांतीची. धनुर्वात घोड्याला फार लवकर गाठतो. यातले काहीच झाले नाही, तर पीआरपीचा थर दुसऱ्या दिवशी तंगाखालीच निघून जाईल.

कायदा इथे घोड्याच्या बाजूने आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जखमेमुळे कामाला नालायक झालेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा ठरवला. 1965 च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा जास्त ओझे लादायला आणि ओझ्याच्या जनावराकडून दिवसाला 9 तासांहून अधिक काम घ्यायला मनाई केली. पण घोडा चार आठवडे ठाणावर उभा राहिला तर घोडेवाल्याची चूल कशावर पेटायची, याचे उत्तर या कलमांत नाही. एका घोड्यावर घर चालवणाऱ्या माणसाला नुसता दंडाचा धाक दाखवून घोड्याचा पाय बरा होणार नाही.

आपल्यावर या जनावराचे ऋण मोठे आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांच्या विषावरचे इंजेक्शन घोड्याच्याच रक्तद्रवातून मिळते. विषाच्या बारीक मात्रा टोचून त्याच्या अंगात प्रतिद्रव्ये तयार करतात, रक्त काढून द्रव वेगळा करतात. परळच्या हाफकिनचे नाव या कामाशी कित्येक दशके जोडलेले आहे. रायगडच्या भातखाचरांत साप चावलेला शेतकरी वाचतो, तो घोड्याने दिलेल्या रक्तद्रवामुळे. त्याच घोड्याचा रक्तद्रव त्याच्या स्वतःच्या पायासाठी वापरण्यात आपण हात आखडता घेऊ नये.

म्हणून मागण्या तीन. परळला 1886 पासून पशुवैद्यक शिकवणारे महाविद्यालय आहे. तिथले शिक्षक आणि विद्यार्थी ठरलेल्या वारी माथेरानला जातील, पट्ट्या बांधतील आणि योग्य त्या जखमेवर पीआरपीही करतील, अशी सोय सरकारने लावावी. जखमी घोड्याच्या विश्रांतीच्या दिवसांचा भत्ता घोडेवाल्याला मिळावा. पर्यटकांकडून प्रवेशकर घेतला जातोच, त्यातला वाटा यासाठी राखून ठेवावा. आणि सुट्टीला वर जाणाऱ्या आपण नवी मुंबईकरांनी, गुडघ्याला जखम किंवा तंगाखाली ओल दिसली तर त्या घोड्यावर बसू नये, पण त्याच्या मालकाला ठरलेले पैसे द्यावेत. पहिल्या दोन गोष्टींना मंजुरी लागेल. तिसरी येत्या रविवारपासूनच करता येईल.